दीड इंच

"रेघ बरोबर खाली आली की बस म्हणा," क्लेल म्हणाला. "आधी नाही, नंतर नाही."

"आणि बोलायची विसरले तर?"

"तर मी गज ओढतच राहीन आणि तिकडे त्या भिंतीवर जाऊन आपटेन. लाकूड जुनं आहे, आरपार जाईन."

रोझेला मेझ खळखळून हसल्या आणि सफरचंदांच्या उलट्या पेटीवर नीट सावरून बसल्या. बाई पासष्टीच्या, अंगानं भरलेल्या. नळीच्या तोंडाखाली मान घालून बघायचं म्हणजे त्यांच्या कमरेला शिक्षाच होती, पण त्यांनी कुरकुर केली नाही. बंदुकीचा लाकडी दस्ता चामडं गुंडाळून बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरलेला. नळीत शेवटपर्यंत गेलेला लांब गज, गजाच्या टोकाला चरबी लावलेली घट्ट चिंधी, आणि गजावर वरच्या अंगाला खडूची सरळ रेघ. नळीच्या आतल्या खाचा सरळ नसतात, पीळ घालत जातात. चिंधी त्या खाचांत बसते आणि गज ओढू लागलं की त्या पिळाबरोबर गज आपोआप फिरतो. वरची रेघ हळूहळू कुशीवर होते आणि मग पार खाली जाते. खाली गेली की अर्धा फेरा झाला. तेवढ्यात गज किती बाहेर आला ते मोजायचं, त्याची दुप्पट करायची, की कळलं एका पूर्ण फेऱ्याला किती इंच लागतात.

क्लेल मूठ सैल धरून ओढत होता. गज फिरत होता. शेडच्या पत्र्यावर अक्रोड पडल्याचा टणत्कार झाला, तरी बाईंनी रेघेवरची नजर काढली नाही.

"बस!"

क्लेल थांबला. नळीच्या तोंडाशी गजावर त्यानं खडूची खूण केली. पट्टी लावायची त्याला घाई नव्हती. आकडा त्याला माहीत होता. सव्वातेवीस. ही बंदूक बाईंनी सकाळी गोधडीतून उलगडली, आणि नळीच्या वरच्या सपाट पाठीवर कोरलेलं 'ए. हेड्रिक' त्यानं वाचलं, तेव्हाच हा आकडा त्याच्या तोंडाशी आला होता.

बाईंना त्यानं त्यातलं काही सांगितलं नाही. त्या आपल्या मुलीकडे राहायला केंटकीतल्या या खोऱ्यात आलेल्या. नवरा वारला होता. हौसेनं बनवून घेतलेली ही बंदूक एकदाही न उडवता तो गेला, म्हणून आता बाई स्वतःच ती घेऊन ऑक्टोबरातल्या नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणार होत्या. गोळ्या ओतायचा साचा घ्यायला गावात गेल्या, तर दुकानदार म्हणाला, आधी नळीचा पीळ किती ते काढून आणा, मग सांगतो गोल गोळीचा साचा द्यायचा की लांबट. आणि त्यानंच वरच्या खोऱ्यातल्या टीटरकडे पाठवलं. क्लेल टीटर म्हणजे हाच. पूर्वी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, आता नुसत्या जुन्या चालीच्या बंदुका करतो. माणूस चांगला, पण एकदा बोलायला लागला की सोडत नाही, असंही दुकानदारानं वर सांगितलं होतं.

ते काही खोटं नव्हतं. बायको, एडना, गेल्यापासून क्लेलला बोलायला माणूस उरलं नव्हतं. मूलबाळ नाही. दुकानातून खिळे आणायचे तर तो मूठभरच आणायचा, म्हणजे चार दिवसांनी परत जायला निमित्त राही. दुकानदाराला ते कळत होतं. तोही मुकाट्यानं मूठभरच तोलून द्यायचा.

आणि पीळ मोजायला तर दुसरं माणूस लागतंच. एकानं ओढायचं, एकानं खालून बघायचं. क्लेलनं त्यावर तोड काढली होती. भंगारातल्या ट्रकचा आरसा आणून तो नळीच्या तोंडाखाली तिरका लावून ठेवायचा. ओढता ओढता आरशात रेघ दिसायची. त्या आरशाशी तो बोलायचाही. "काय म्हणतोस? आली का खाली?" आरसा बापडा काही बोलत नसे, फक्त क्लेलचीच पांढरी दाढी दाखवायचा.

आज आरसा बाजूला होता. आज माणूस होतं.

"काय हो, मोजताय की नाही?" बाईंनी विचारलं. "माझी मान अवघडली."

"उठा, उठा. झालं तुमचं काम."

क्लेलनं पट्टी लावली. मग चष्मा पुसला आणि पट्टी परत लावली.

चोवीस.

"बाई, तुम्ही उशिरा म्हणालात."

"मी? अहो, चव्वेचाळीस वर्षं मी वेंडेल मेझला बस म्हणत आले. बस, आता पुरे पिणं. बस, आता पुरे बडबड. कधी म्हणायचं ते मला शिकवू नका."

"मग चिंधी घसरली."

"तसं म्हणा. चिंधीला राग येत नाही."

चिंधी ढिली असेल तर खाचांवरून नुसती सरकते, गज हवा तेवढा फिरत नाही आणि माप जास्त भरतं. असं होतं कधी कधी. क्लेलनं एडनाच्या जुन्या परकराचा जाड तुकडा कापला, चरबीत बुडवला, गजाला लावला. गज आत ढकलताना त्याला लाकडी हातोडीनं ठोकावं लागलं, इतका तो घट्ट बसला. आता घसरायचं म्हटलं तरी घसरला नसता.

"बसा बाई परत."

हे सव्वातेवीस काय प्रकरण होतं ते कळायला वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरात, हेड्रिकांच्या दुकानात जायला हवं. क्लेल पाच वर्षांचा असताना त्याच्या आईनं होबर्ट हेड्रिकशी दुसरं लग्न केलं आणि पोराला घेऊन त्या घरात आली. होबर्टचा स्वतःचा मुलगा आर्ली तेव्हा सहा वर्षांचा. दोघं एका पलंगावर, एका रजईखाली वाढले. शाळेत मास्तर दोघांनाही हेड्रिक म्हणायचे आणि कुणी त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडलं नाही. कागदोपत्री मात्र क्लेल टीटरच राहिला.

दुकान होबर्टच्या बापाचं, एझ्रा आजोबांचं. नळीत खाचा पाडायची सगळी जादू तिथं एका लाकडी ओंडक्यात होती. माणसाएवढा लांब, गोल तासलेला ओंडका, त्याच्यावर पिळाच्या खोल चऱ्या. तो एका चौकटीतून ओढला की चऱ्यांच्या मापानं फिरायचा, आणि त्याला जोडलेलं पातं नळीच्या आत फिरत फिरत तोच पीळ कापायचं. ओंडक्याचा जो पीळ, तोच त्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक बंदुकीचा. सगळा डोंगर अठ्ठेचाळीस इंचाला एक फेरा ठेवायचा. हेड्रिकही आपला पीळ अठ्ठेचाळीसच सांगायचे.

पण तो अठ्ठेचाळीस नव्हता. एझ्रा आजोबांकडे मोजायला घडीची लाकडी पट्टी होती. तिच्यावर एकदा खेचरानं पाय दिला आणि सुरुवातीचा दीड इंच तुटून गेला. म्हातारा चिवट. नवी पट्टी घेतली नाही. दर वेळी मनात दीड मिळवायचा आणि पुढं जायचा, कधी चुकला नाही. एकदाच चुकला. ज्या दिवशी आजी बाळंत होत होती, बायकांनी म्हाताऱ्याला, म्हणजे तेव्हा तरुणच होता तो, घराबाहेर हाकललं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं त्या दिवशी नव्या ओंडक्यावर रेघा आखायला घेतल्या. आतून किंकाळ्या येत होत्या आणि हा पट्टी लावत होता. दीड मिळवायचं राहून गेलं. संध्याकाळी होबर्ट जन्मला आणि ओंडका साडेसेहेचाळीसाचा झाला.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बंदुका सरळ मारत होत्या, मग बघतंय कोण. होबर्ट वारला, पोरं चाळिशीला आली, तेव्हा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पीळ सांगितल्याइतका भरत नाही. दोघा भावांनी मोजून बघितलं. आर्लीनं गज ओढला, क्लेल खाली बसून बस म्हणाला. लहानपणापासून त्यांची हीच वाटणी होती. घराचा रिवाजच तसा होता. नळी पुरी झाली की घरातल्या दोघांनी मिळून पीळ मोजायचा, गजावरच्या आजोबांच्या खुणेशी जुळला की मगच तिच्यावर नाव कोरायचं. पट्टी कुणी लावत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा पट्टी लावली, दहा वेळा मोजलं आणि दर वेळी सव्वातेवीसच आलं.

"नवा ओंडका करू," क्लेल म्हणाला होता. "बरोबर अठ्ठेचाळीसाचा. दोन महिन्यांचं काम."

"काही नको. बंदुका चालतात ना?"

"आपण लोकांना एक सांगतो आणि देतो दुसरं, आर्ली."

"वडील जन्मले त्या दिवशीचा ओंडका आहे तो. त्याला हात लावायचा नाही."

दोघेही हट्टी. आठवडाभर धुसफुस चालली. एक दिवस आर्ली जेवणावरून उठला आणि म्हणाला, "एझ्रा माझा आजा होता. तुझा नव्हता. माझ्या आजाची चूक काढणारा तू कोण?"

झालं. क्लेलनं ताटलीतली घेवड्याची भाजी संपवली, कारण आईनं अन्न टाकायला शिकवलं नव्हतं. ताटली धुतली. मग आपली हत्यारं पोत्यात भरली आणि निघाला. आर्ली अंगणात उभा होता. यानं मागं वळून बघितलं नाही. त्याला आता चौतीस वर्षं झाली. मध्ये दोन डोंगर आणि एका राज्याची हद्द, म्हणजे गाडीनं दिवसभराचा रस्ता. तेवढा दिवस दोघांपैकी कुणाला काही सापडला नाही.

इकडे केंटकीत आल्यावर क्लेलनं स्वतःचा ओंडका केला. नवी पोलादी पट्टी आणली, चांगला अठ्ठेचाळीसावर बोट ठेवून बसला. आता अडवणारं कोणी नव्हतं. पण खडू काही पुढं जाईना. बराच वेळ बसला आणि मग दीड इंच मागं आला. एडनानं विचारलं, "अहो, ज्यावरून एवढं भांडलात तीच चूक परत?" तो म्हणाला, "हेड्रिकांची बंदूक अशीच असते." त्यावर तिनं पुढं काही विचारलं नाही. शहाणी बाई होती.

नाव मात्र त्यानं आपल्या एकाही बंदुकीवर कोरलं नाही. टीटर कोरवत नव्हतं आणि हेड्रिक कोरायचा हक्क आर्लीनं त्या जेवणावर काढून घेतला होता. लोक विचारायचे, तर हा म्हणायचा, "बंदुकीला ठाऊक आहे तिला कुणी केलं ते." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

"बस!" रोझेलाबाई ओरडल्या.

क्लेलनं खूण केली, पट्टी लावली. चोवीस. केसभरही कमी नाही.

"बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का? चुलीवर कॉफी आहे. मक्याची भाकरीही आहे झाकलेली."

"मी काय चुकीचं केलं?"

"काही नाही. तुम्ही बरोबरच केलंत."

त्या बाहेर गेल्यावर क्लेलनं आरसा आणला. तिरका लावला, पुसला. गज पुन्हा आत घातला. मग मूठ धरून इतका हळू ओढला की खांदा दुखायला लागला. आरशात रेघ सरकत आली आणि सरळ खाली टेकली. मोजायची गरज नव्हती, आधीच्या खडूच्या खुणेवरच नवी खूण येऊन बसली होती.

म्हणजे ही नळी आजोबांच्या ओंडक्यावर झालेली नव्हती. आर्लीनं नवा ओंडका केला होता. बरोबर अठ्ठेचाळीसाचा.

क्लेल शेगड्याला धरून उभा राहिला. आधी त्याला रागच आला. मग तेव्हा का नाही केलास, गाढवा? तेव्हा केला असतास तर! चौतीस वर्षं मी इथं तुझ्या आजाची चूक उराशी धरून बसलोय, आणि तू तिकडं माझं ऐकून मोकळा! मग त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळे भरले. इथं बघायला आरशाशिवाय कोणी नव्हतं, म्हणून त्यानं ते पुसलेही नाहीत.

बाहेर ओसरीत बाई भाकरीवर सफरचंदाचा मुरंबा लावून खात होत्या. क्लेलनं स्वतःला कॉफी ओतली आणि समोरच्या खुर्चीत बसला.

"अठ्ठेचाळीसाला एक," तो म्हणाला. "गोल गोळीचा साचा घ्या. दुकानदाराला सांगा, टीटरनं तीन वेळा मोजलंय."

"एवढं सांगायला तुमचा चेहरा का पडलाय?"

"ही बंदूक ज्यानं केली, त्याला तुम्ही भेटला होता?"

"आर्ली हेड्रिकला? अहो, आमच्याच रस्त्यावर दुकान. वेंडेल तर रोज जाऊन बसायचा तिथं. म्हातारा एका डोळ्यानं जवळजवळ आंधळा झालेला, तरी हात काय सफाईचा! आणि खडूस. दुकानात कुणी कशाला हात लावला की खेकसायचा. पण आमची बंदूक तयार झाली ना, त्या दिवशी मला म्हणतो, बाई, इथं खाली बसा आणि रेघ खाली आली की बस म्हणा. म्हणून तर मला तुमच्याकडे लगेच जमलं. आधी एकदा केलेलं होतं ना. आकडा काय निघाला ते मात्र डोक्यात राहिलं नाही."

क्लेलची कॉफी तोंडाशी तशीच राहिली.

"तुम्हाला का सांगितलं? वेंडेलला का नाही?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, मोजल्याशिवाय आमच्यात नाव कोरत नाहीत, आणि मोजायला दोघं लागतात. बस म्हणायचं काम माझ्या भावाचं. तो नाही, म्हणून जो दारात येईल त्याला बसवतो. कधी टपालवाला, कधी पाद्रीबाबा. पाद्रीबाबा दर वेळी उशिरा म्हणतात, म्हणून त्यांच्यावर भारी चिडायचा."

"माझा भाऊ म्हणाला? असंच म्हणाला?"

"असंच. भिंतीवर एक जुनापुराणा ओंडका टांगलेला होता. वेंडेलनं विचारलं, हा कशाला ठेवलाय? तर म्हातारा म्हणाला, तो आजोबांचा, चुकीचा आहे. खाली चालतोय तो नवा, माझ्या भावाच्या मापाचा. मी म्हटलं, भाऊ असतो कुठं? म्हणाला, रुसून गेलाय. तोंड माझंच वाईट."

ओसरीसमोर क्लेलचा जुना ट्रक उभा होता. क्लेल त्याच्याकडे बघत होता. पुढचं डावं टायर गुळगुळीत झालेलं, पण बदलायला एक होतं मागं पडलेलं. पहाटे निघालं तर सूर्य मावळायच्या आत पोचता आलं असतं. स्वतः केलेली एक बंदूक बरोबर न्यायची. काही बोलायचं नाही. शेगड्यात लावायची आणि म्हणायचं, ओढ. मी खाली बसतो. सव्वातेवीस निघाल्यावर त्याचं तोंड कसं होईल ते क्लेलला आत्ताच दिसत होतं. आधी शिवी देईल. नक्की आधी शिवीच देईल.

"घाटातला रस्ता कसा आहे हो आता?" त्यानं विचारलं. "पूल झाला म्हणे तो."

"झाला की, दोन वर्षं झाली. का? जायचंय तिकडं?" बाईंनी बोटाला लागलेला मुरंबा चाटला. "पण दुकान काही उघडं सापडायचं नाही हो तुम्हाला. आर्ली फेब्रुवारीत गेला. बर्फ होतं, टपालवाल्याला सापडला. कामाच्या बाकावरच डोकं टेकून. माझ्या वेंडेलनंतर सहा-सात महिन्यांनी."

क्लेलनं कप खाली ठेवला. तो कठड्यावर नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

"पुरायला किती माणसं होती?"

"आम्ही असू पंधराएक. थंडी फार होती. बायको आधीच गेलेली, मूल नाही. पाद्रीबाबांनी भावाची चौकशी केली, पण नाव कुणाला धड माहीत नाही, गाव माहीत नाही. हेड्रिक नावानं शोधलं म्हणे, सापडला नाही."

"सापडणार नाही," क्लेल म्हणाला. "त्याचं आडनाव टीटर आहे."

 बाईंनी क्लेलकडे बघितलं, मग उघड्या दारातून शेडमधल्या शेगड्याकडे बघितलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी आपली मुरंबा खात बडबडतेय."

"तुम्हाला काय माहीत."

"सख्खे?"

"आईनं दुसरं लग्न केलं होतं," क्लेल म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ होता माझा."

हे त्यानं चौतीस वर्षांत कुणापुढे म्हटलं नव्हतं. एडनाशी बोलतानासुद्धा 'आर्ली' म्हणायचा, 'तो' म्हणायचा. बाईंनी उगीच सांत्वनाचं काही काढलं नाही. नवरा गेल्यावर लोक काय काय बोलतात ते त्यांनी नुकतंच ऐकलेलं होतं. त्यांनी त्याचा कप उचलून आत नेला, गार कॉफी ओतून टाकली आणि गरम आणून दिली.  पत्र्यावर मधूनमधून अक्रोड पडत होते.

"तुमच्या बंदुकांचा पीळ किती?" बाईंनी शेवटी विचारलं.

"साडेसेहेचाळीस."

"म्हणजे त्या भिंतीवरच्या ओंडक्याचा? तो तर चुकीचा म्हणाला होता."

"चुकीचाच आहे."

बाईंनी यावर विचार केला. "म्हणजे तुमचं माप त्यानं घेतलं आणि त्याचं तुम्ही."

"हो."

"आणि एकमेकांना कळवलं नाहीत."

"नाही."

"पुरुषांची जात!" त्या म्हणाल्या, आणि नाक ओढून रुमालानं पुसलं. क्लेलला त्याचा राग आला नाही. एडना असती तर हेच म्हणाली असती, आणखी चार शब्द वर घालून.

बाई निघाल्या तेव्हा क्लेलनं बंदूक गोधडीत गुंडाळायच्या आधी नळीच्या पाठीवरच्या नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं जराशी उतरती होती. एका डोळ्यानं कोरलेली.

"ठेवू का तुमच्याकडे चार दिवस?" बाईंनी विचारलं.

"नको. तुम्ही उडवा ती. ऑक्टोबर जवळ आलाय, सराव करा. आणि गोळीवर चिंधी घट्ट लावा."

"तुमची एखादी मोजायची आहे का? मी आहे तोवर बसते खाली. बस म्हणायला आता मला कुणी हरवणार नाही."

क्लेलच्या मनात आलं, हो म्हणावं. मग त्यानं मान हलवली. "आज नको. पण परत या. येताना मुरंबा घेऊन या, हा संपवलात."

त्यांची गाडी ओढ्याच्या वळणाआड जाईपर्यंत तो उभा होता. मग शेडमध्ये गेला. भिंतीला लावून ठेवलेली त्याची नवी बंदूक, गेल्या महिन्यात पुरी झालेली, त्यानं शेगड्यात चढवली. आत काही भरलेलं नाही ना ते डोंगरातल्या सवयीनं आधी बघून घेतलं. चिंधीला चरबी लावली, गज आत ठोकला, खडूनं रेघ ओढली. आता नवा ओंडका करायचा का, हा विचार येऊन गेला. पण आर्लीचं दुकान बंद होतं, भिंतीवरचा ओंडका कुठं जाईल देव जाणे. ती चूक सांभाळायला घरातलं कुणीतरी हवंच होतं.

आरसा तिरका लावलेला होता. तो त्यानं उचलून फळीवर पालथा ठेवला. सफरचंदांची पेटी नळीच्या तोंडापाशी होती तिथंच राहू दिली. पण ओढायचं काम आपलं नव्हे, हे त्याला आठवलं. ओढायचा तो आर्ली. मग त्यानं गजाच्या मुठीला सुतळी बांधली, ती समोरच्या खांबावरच्या खिळ्यावरून फिरवून परत आपल्याकडे घेतली आणि पेटीवर खाली बसला. गुडघे कुरकुरले. मान नळीखाली घातली. चौतीस वर्षांपूर्वी बसायचा तसाच बसला आणि सुतळी हळूहळू ओढू लागला. गज सरकू लागला, फिरू लागला. खालून बघितलं की रेघ आधी दिसतच नाही. मग नळीच्या कडेनं पांढरी धार डोकावते, कुशीवर येते, रुंद होते.

रेघ सरळ त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"बस," क्लेल म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, गज ओढणाऱ्याला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

सुतळी थांबली. तो सावकाश उठला, खूण केली, पट्टी लावली. सव्वातेवीस. मग त्यानं खिडकीशी उजेड होता तिकडे शेगडा वळवला, बारीक छिन्नी आणि हातोडी घेतली, आणि नळीच्या कोऱ्या पाठीवर हेड्रिकमधलं पहिलं अक्षर कोरायला घेतलं.